रायीतला दिवा आणि अण्णांचे पाय

आमच्या घरात मनुका यायच्या त्या डासांसाठी. वाचणाऱ्याला ही थाप वाटेल, पण खरं तेच सांगते आहे. सावंतवाडीच्या बाजारातून मनुकांची पुडी आली की आई ती माझ्या हाती लागू नये म्हणून कोकमाच्या बरणीमागे दडवायची, आणि अण्णा संध्याकाळी त्यातल्या काही काढून वाटीत भिजत घालायचे. भिजून टम्म फुगल्या की जाळीने तोंड बांधलेल्या काचेच्या बरण्यांवर एकेक मांडायचे. बरण्यांत रानातून धरून आणलेले डास असायचे. ते जाळीतून सोंड वर काढून मनुकेतला गोडवा ओढत आणि पुण्याच्या संस्थेत पोचेपर्यंत तग धरून राहत. चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटते आहे आणि पलीकडे फडताळात हा डासांचा पाहुणचार चालला आहे, असं आमचं स्वयंपाकघर. आई पेज ढवळता ढवळता म्हणायची, "माज्या चेडवाक सणासुदीक मनुका गावनत नाय, आणि ह्येंच्या डासांक रोज पंगत." अण्णा गालातल्या गालात हसत आणि एखादी मनुका माझ्या मुठीत सरकवत. आज डॉक्टरांनी मला गोड बंद केलं आहे, तरी भिजवलेली मनुका दिसली की हात आपसूक पुढे जातो.

अण्णा आरोग्य खात्यात कीटक संग्राहक होते. नाव भारदस्त, काम डास पकडण्याचं. मूळचे आम्ही आरोंद्याचे, खाडीच्या काठचे; पण अण्णांची नेमणूक सावंतवाडीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी रायवाडीत झाली आणि माझं शाळेचं वय सगळं तिथेच गेलं. मुंबईला जाऊन राहिलेल्या एका कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या, पडवी आणि गोठा आम्ही भाड्याने घेतला होता. परसात उभं राहिलं की आधी भाताचे कुणगे दिसत, मग व्हाळाचं वाहतं पाणी, आणि व्हाळापलीकडे राय. राय म्हणजे देवाचं राखलेलं रान. तिथे कुणी कोयता नेत नसे. त्यामुळे झाडं माजलेली, वेली मांडीएवढ्या जाड, आणि झाडांच्या ढोलींत, दगडांच्या खळग्यांत पावसाचं पाणी महिनोन् महिने साचून राहिलेलं. डासांना आणखी काय हवं. गावातले लोक अण्णांना डासमास्तर म्हणत. त्यात थट्टा होती, पण घरात कुणी तापाने फणफणलं की तेच लोक आधी आमच्या पडवीत येऊन बसत.

अण्णांची डास पकडण्याची रीत अशी. दिवस मावळायच्या सुमारास रानाच्या कडेला बुटक्या स्टुलावर बसायचं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, पाय उघडे टाकायचे आणि वाट बघायची. हातात काचेची नळी, तिला जोडलेल्या रबरी नळीचं टोक तोंडात, मधे जाळीचा तुकडा, म्हणजे डास पोटात जाऊ नये. डास पायावर टेकला की तो चावण्याआधी नळी त्याच्यावर धरायची आणि श्वास आत ओढायचा. सुर्र असा बारीक आवाज व्हायचा आणि डास नळीत. सांगायला हे अगदी बिनधोक. पण माणसाचे डोळे पुढे आणि पोटऱ्या मागे. नडगीवरचा डास धरेपर्यंत मागच्या बाजूला दुसरा पोट भरून उठलेला असायचा. घरी आले की आई त्यांचे पाय कढत पाण्याने धुवायची, खोबरेल चोळायची, आणि चोळताना पोटऱ्यांवरचे लाल ठिपके बोटांनी चाचपत राहायची. त्या वेळी ती काही बोलत नसे.

बोलायची ती ताप आल्यावर, आणि ताप दर वर्षी यायचा. कडू गोळ्या घेऊनही यायचा. भात कापणीला आलं की अण्णांना हुडहुडी भरायची, घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर घालूनही त्यांचे दात वाजत, आणि आई पायथ्याशी बसून त्यांचे तळवे घासत राहायची. एका वर्षी ताप उतरल्यावर सावंतवाडीच्या डॉक्टरांनी त्यांचं पोट दाबून बघितलं आणि आईच्या देखत सांगितलं की पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे, आता असे ताप ह्या शरीराला झेपायचे नाहीत. परत येताना एसटीत आई सगळी वाट खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "दुसरा काम देऊक सांगा बघया तुमी." अण्णा म्हणाले, "दुसरा काम माका येणा नाय." ते खरं होतं, आणि ह्याच कामाचा त्यांना अभिमान होता, हेही तितकंच खरं होतं.

अशात पुण्याहून लिमये बाई आल्या. डासांचा अभ्यास हेच त्यांचं आयुष्य. उंच, सडसडीत, सारखा चष्मा पुसणाऱ्या, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याने पुढे वाकावं. त्यांच्या जीपमधून खोकी उतरली, त्यांत दिव्याचे सापळे होते. वर पत्र्याची टोपी, खाली छोटा बल्ब, बल्बखाली पंखा, आणि पंख्याखाली मलमलीची पिशवी. उजेडाला भुलून डास जवळ आला की पंखा त्याला पिशवीत ओढणार. पडवीत चहा घेताना बाईंनी अण्णांना काम समजावलं. रानातला एक खास डास त्यांना शोधायचा होता, आणि रानातले डास पकडायच्या रीती निरनिराळ्या असतात. कुठली खरं सांगते आणि कुठली फसवते, हे एकाच रानात ताडून बघायचं. उघड्या पायांचा माणूस, दिवा, आणि मच्छरदाणीत बांधलेलं जनावर. "दिवा तुमच्या तोडीस तोड निघाला," बाई म्हणाल्या, "तर ह्यापुढे तुम्हाला पाय उघडे टाकून बसायला नको. दिवा टांगायचा, सकाळी पिशवी काढायची, डास ओळखायचे. तुमचं काम राहील, ताप राहणार नाही." दाराआड आई माझं मनगट धरून उभी होती. ते वाक्य संपेपर्यंत तिची पकड इतकी घट्ट झाली की माझ्या बांगड्या रुतल्या. बाई गेल्यावर अण्णा म्हणाले, "दिवो तो दिवो. तेका रगात खंय आसा?" आई म्हणाली, "म्हणानच तो बरो."

पण राय देवाची, तिथे आत जाऊन काम करायचं तर देवाला विचारायला हवं. बाबल गुरवाने देवळात कौल लावला. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, विचारायचं ते विचारायचं, आणि उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लिमये बाई आमच्याबरोबर खाली बसल्या होत्या. माणसाबद्दल विचारलं, उजवी पडली. दिव्याबद्दल विचारलं, पुष्कळ वेळ लागला, पण उजवी पडली. गुराचं विचारलं तर डावी चटकन पडली. रायीत गुरं सोडायला आधीपासूनच बंदी होती; देवाने ती मच्छरदाणीतल्या आमच्या तांबू गायीलाही लावली. बाबल म्हणाला, "बाई, देवाक माणूस चलता, गोरू चलणा नाय." बाईंनी चष्मा पुसला आणि जनावर वगळलं. पुण्यात बसून आखलेलं काम एका पाकळीसाठी बदलताना त्यांच्या कपाळावर आठी आली नाही, आणि तेव्हापासून त्या मला आवडायला लागल्या. चपला बाहेर काढायच्या, काडी मोडायची नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, अशा अटी ठरल्या. दिवा काथ्याच्या दोरीने फांदीला टांगला गेला.

बाईंची एक गोष्ट अण्णांना फार पटली. त्या म्हणाल्या, जागेजागेत फरक असतो. तळीपाशी डास जास्त, काजऱ्याच्या झाडाखाली कमी. माणूस रोज तळीपाशी बसला आणि दिवा रोज काजऱ्याखाली टांगला तर माणूस जिंकेल, पण ती जीत तळीची असेल. म्हणून रोज अदलाबदल करायची. आज दिवा तळीपाशी, उद्या काजऱ्याखाली, परवा जुन्या आंब्याखाली, आणि माणूस त्याच्यापासून लांब. अण्णा हे गावात ज्याला त्याला समजावून सांगत सुटले, आणि ऐकणारे मान डोलावून आपापल्या कामाला लागले.

आता व्हाळाच्या अलीकडून गावाला काय दिसत होतं ते बघा. देवाच्या रायीत, जिथे काळोख पडल्यावर कुणी पाऊल टाकत नाही, तिथे दिवा. आज इथे, उद्या तिथे, परवा आणखी पलीकडे. आमच्याकडे गावोगाव देवचार असतो, गावाचा राखणदार. तो हातात पेटती चूड घेऊन हद्दीवरून फेरी घालतो, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. दिवा एका जागी राहिला असता तर तो डासमास्तराचा दिवा ठरला असता. तो जागा बदलायला लागला आणि गावाने आपापसात ठरवून टाकलं की देवचार फिरतो आहे. रायीबाहेरच्या पाणंदीवर नारळ दिसायला लागले, विड्यांची बंडलं दिसायला लागली, एकदा तर सोऱ्याची, म्हणजे दारूची, बाटलीही. अण्णांनी बाबल गुरवाला विचारलं, "बल्ब आसा म्हणान सांगणस नाय रे तेंका?" बाबल म्हणाला, "सांगलंय. ते म्हणतत, बल्ब आसा तर आसा, पण फिरता कोण?" ह्यावर अण्णांकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी थांबत नव्हतं.

आईला बल्बची नवलाई नव्हती. बॅटरी आमच्याच पडवीत असायची आणि सापळ्याची पिशवी आमच्याच दोरीवर वाळायची. अण्णा दिवा लावून रायीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले की आई किटलीत चहा घेऊन त्यांच्याकडे जायची. एका हातात किटली, आणि पदराखाली आणखी काहीतरी. अण्णांसाठी काही खायचं असेल, असं मी धरून चालले होते. सकाळी अण्णा पिशवी आणून पांढऱ्या ताटात उलटी करत. पाखरं, चिलटं, एखादा ढालकिडा, आणि कडेला थोडेसे डास. शेजारी त्यांच्या स्वतःच्या नळ्या, कापसाच्या बोळ्यांनी तोंडं बंद केलेल्या, गच्च भरलेल्या. आभाळ असो, चांदणं असो, जागा कुठलीही असो, दिवा मागेच. एकदा पिशवी नाकाशी नेऊन अण्णा म्हणाले, "हेका ऊदाचो वास येता." बाईंनीही वास घेतला, आणि देऊळ जवळ आहे, वाऱ्याने आला असेल, असं म्हणाल्या. अण्णांचा चेहरा दिवसेंदिवस खुलत गेला. आपल्यावाचून अडतं हे कळलं की माणूस दुखणंही विसरतो. आईचा चेहरा मात्र उतरत गेला, आणि तिचं जेवण कमी झालं.

काम आटोपलं त्या दिवशी बाई आमच्याकडे जेवायला आल्या. आईने कुळथाची पिठी केली होती, आरोंद्याहून मामाने पाठवलेल्या सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर होती, भात, आणि शेवटी घावणे आणि नारळाचा गोड रस. किसमूर करताना खोबऱ्यात भाजकी सुंगटं आणि कच्चा कांदा चुरडल्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. आता मी करते तीही बरी होते, पण ती माझी असते. बाईंनी पिठी दोनदा मागून घेतली. जेवणं लांबली, उन्हं उतरली, चहा झाला. मग बाई म्हणाल्या, "दिवा हरला. ह्या रानात दिव्यावर विसंबता येत नाही, असंच मला लिहावं लागणार. तुमच्याशिवाय इलाज नाही." अण्णा म्हणाले, "माजे पाय आसत मां." बाईंना हसू आलं नाही. "मला हे नको होतं," त्या म्हणाल्या. आई कप गोळा करत होती. तिने कप तिथेच ठेवले आणि आत निघून गेली.

तिन्हीसांजेला गोठ्यात धूर घालणं माझं काम असे. फुटक्या मडक्यात नारळाची सोडणं पेटवायची आणि वर निरगुडीचा ओला पाला टाकायचा. धूर कोंदला की तांबूच्या पाठीवरचे डास उठून दाराबाहेर जात. मी मडकं खाली ठेवलं तेव्हा आई उंबऱ्यावर येऊन बसली. रडली होती आणि डोळे पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. "देवान आयकल्यान नाय माजा," ती म्हणाली. "रोज धूप घातलंय त्या दिव्याखाली. म्हटलंय, ह्या दिव्याक येस दी आणि माज्या घोवाचे पाय सोडव. एक दिस चुकलंय नाय."

"खंय घातलंस?" मी विचारलं.

"सांगलंय मां, दिव्याच्या खाली. धुपाटण्यात. करवंटेचे निखारे आणि वर ऊद नि राळ. रोज पदराखालसून न्हेलंय, आणि सकाळी ह्ये उठायच्या आदी परत आणलंय."

मी तांबूकडे बघत होते. तिच्या पाठीवर एक डास उरला नव्हता. "आये," मी म्हटलं, "मगे डास थंय कशे येतीत?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग मडक्याकडे. "ह्यो धूर," ती म्हणाली. "तो धूप. धूर गोरवांक, धूप देवाक." म्हणता म्हणता तिचा आवाज खाली आला. जन्मभर तिने रोज संध्याकाळी दोन्ही केलं होतं, आधी गोठा, मग हातपाय धुऊन देवघर. एक काम गुरांचं आणि एक देवाचं. त्या दोन्हींतून निघतं ते एकच, हा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. गावात कुणाच्याच मनाला शिवला नसता. तिने उठून तांबूच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आता सांगलंय तर ह्येंच्या नोकरेर येतला काय गो?" मी म्हटलं, "माका ठावक नाय." "आणि नाय सांगलंय तर?" ह्याचं उत्तर आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिने हात धुतले, पदर सारखा केला आणि ती पडवीत गेली. मी तिच्या मागोमाग गेले.

आई बाहेरच्या माणसांशी पुस्तकी मराठी बोलायला लाजायची. त्या दिवशी ती लिमये बाईंसमोर उभी राहिली आणि शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी एकेक शब्द जोडत बोलली. "बाई, दिव्याचा दोष नाही. दिव्याखाली मी धूप घातला. रोज घातला. धुराने डास गेले. ह्यांना माहीत नाही, ह्यांना बोल लावू नका." अण्णा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. "सरकारी कामात हात घातलंस तू?" ते म्हणाले. "इतक्या दिसांचा काम मातयेत घातलंस?" आणि तिथे आईचं पुस्तकी मराठी संपलं. "तुमचे पाय मी धुतंय," ती म्हणाली. "सरकार धुणा नाय. मागसून किती चावतत ता तुमका दिसणा नाय, माका दिसता. माका तुमी व्हये." असं उघड बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, तेही परक्या माणसासमोर. अण्णा पुन्हा खाली बसले.

लिमये बाईंनी आईचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "मी जागेचा फरक धरला," त्या म्हणाल्या, "चांदण्याचा धरला, वाऱ्याचा धरला. इथे माणसं राहतात आणि त्यांना कुणाचा तरी घोर लागलेला असतो, ते मात्र धरलं नाही. मी तुम्हाला एकदा तरी विचारायला हवं होतं." मग त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी जीपवाल्याला रिकामीच जीप घेऊन परत जायला सांगितलं. सगळं काम पहिल्यापासून करायचं ठरलं.

पुन्हा काम म्हणजे पुन्हा कौल. ह्या वेळी देवळात अर्धा गाव लोटला, कारण हकीकत तोवर घरोघरी पोचली होती. बाबल गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी साथ दिली. "बा देवा म्हाराजा, ह्या रायच्या धन्या." "व्हय म्हाराजा." "तुज्या रायत दिवो लागलो. तेका कोणी नारळ ठेवल्यान, कोणी इडी ठेवल्यान, ह्या माउलेन धूप घातल्यान." "व्हय म्हाराजा." "जा केल्यानी ता मायेन केल्यानी, तेचो राग धरू नको." "व्हय म्हाराजा." "आता दिवो पुना पेटतलो. तेच्या खाली कोणी काय एक ठेवचा नाय, अशी सगळ्यांक बुद्धी दी. आणि आमच्या डासमास्तराचे पाय सांभाळ." शेवटचं "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठं झालं. आई मान खाली घालून बसली होती आणि तिच्या खांद्यावर कुण्या म्हातारीने हात ठेवला होता. पाकळी उजवी पडली.

दिव्याने काय केलं म्हणाल, तर पहिल्याच सकाळी पिशवी हाताला जड लागली. ताटात उलटी केली तेव्हा अण्णांनी आपल्या नळ्या बाजूला सारल्या, आणि त्यावरून आईला कळलं. ती आत जाऊन देवाला साखर ठेवून आली. असं कितीतरी सकाळी चाललं. पण बाई भिंगाखाली एकेक डास परतून बघत होत्या, आणि शेवटी त्यांनी चष्मा पुसला तेव्हा मला भीती वाटली. ज्याच्या शोधात त्या आल्या होत्या तो डास वेगळाच होता, झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात वाढणारा, पट्टेरी पायांचा. तो दिव्याकडे फिरकलाच नव्हता. आभाळात थोडा उजेड असतानाच तो यायचा, आणि यायचा तो माणसाच्या पायावर. "दिवा एक सांगतो आणि पाय दुसरं सांगतात," बाई म्हणाल्या. "दिवा रोज लावू. पण माणसाला अगदीच सुट्टी नाही, कधीमधी बसावं लागेल." मग त्या आईकडे वळल्या. "मात्र ह्यापुढे एकट्याने नाही. एकाने बसायचं, आणि दुसऱ्याने मागे बसून त्याच्या पायांवरचे डास टेकल्या टेकल्या धरायचे. चावू द्यायचाच नाही. असा दुसरा माणूस मिळेपर्यंत मी ह्यांना बसू देणार नाही." दिवस मावळताना रायीत येऊन बसायला गावातून कोण मिळणार होतं. बाबल गुरवसुद्धा जमिनीकडे बघायला लागला.

"मी बसतंय," आई म्हणाली.

"लोक काय म्हणतीत?" अण्णा म्हणाले.

"पाय लोकांचे न्हय."

त्यानंतर पुष्कळ संध्याकाळी मी परसातून व्हाळापलीकडे बघत उभी राहिले. अण्णा स्टुलावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांच्या मागे पाटावर आई, तोंडात रबरी नळी, हातात काचेची, आणि साडीखाली अण्णांची जुनी पँट घातलेली, जिच्यावरून पुढे कित्येक वर्षं आम्ही तिला चिडवलं. पहिल्या दिवशी तिला ठसका लागला, डास सुटून गेला आणि अण्णा हसत सुटले. मग तिला जमायला लागलं. तोंडात नळी असल्यामुळे आईला बोलता येत नसे, म्हणून बोलणं अण्णांच्या वाट्याला आलं. घरात मोजकं बोलणारे अण्णा तिथे किती बोलत. आरोंद्याच्या खाडीत लहानपणी पोहायला शिकले ते, त्यांची आई गेली ते, तापात त्यांना काय काय दिसायचं ते. आई घरी येऊन मला थोडं सांगायची आणि बाकीचं स्वतःपाशी ठेवायची. त्यानंतरच्या कापणीला ताप आला तो हलका आला. पुढच्या वर्षी भात कापून झालं, मळणी झाली, आणि तो आलाच नाही.

आता माणसाला असं बसवणं बरं मानत नाहीत म्हणे. घामाच्या वासाने डासांना ओढणारे सापळे निघाले आहेत, असं मी वाचलं, आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तेवाच काडूचे नाय?" माझ्या घरी भिंतीत खुपसायचं यंत्र आहे, संध्याकाळ झाली की मी बटण दाबते. आई त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

अण्णा गेले ते माझ्याच घरी, सावंतवाडीला, पिकल्या वयात आणि तापाने नव्हे. आरोंद्याची माणसं यायची होती, म्हणून त्यांना पुढच्या खोलीत ठेवलं होतं. दिवस मावळत आला होता. कुणीतरी उशाशी उदबत्त्या लावल्या होत्या. आई काठी टेकत आली, पायथ्याशी बसली, आणि नडग्यांवरून सरकलेली चादर तिने खाली ओढून नीट केली. मग पुन्हा उठली, उशाशी जाऊन उदबत्त्यांचं घर उचललं, हळूहळू चालत ते पायांशी आणून ठेवलं आणि खाली बसली. शेजारच्या बाई आईला हलकेच म्हणाल्या, "काकी, उदबत्ती उशाकडे लावतत."

"ठावक आसा माका," आई म्हणाली. "डास पायांक येतत."